पाय पोटाशी

बीड जिल्ह्यात राहून कुणाला विमानाचे पाय दिसत नाहीत. छत्रपती संभाजीनगरला जाऊन चिकलठाणा विमानतळाच्या कुंपणापाशी उभे राहिले तर दिसतात. आमच्याकडे विमानतळच नाही, त्यामुळे आमच्या डोक्यावरून जाणारे प्रत्येक विमान दुसऱ्याच कुठल्या तरी गावाला निघालेले असते. दहा-अकरा किलोमीटर उंचावरून, पाय पोटाशी घेऊन. रेल्वे यायलाच २०२५ चा सप्टेंबर उजाडला. अहिल्यानगर-बीड-परळी हा मार्ग मंजूर झाला तेव्हा १९९५ साल होते. त्या हिशेबाने आमच्यासाठी विमानाने चाके खाली सोडायला अजून बरीच सवड आहे. तोवर आम्ही आकाशातली पांढरी रेघ पुसट होईपर्यंत बघतो आणि पुन्हा कापसाच्या भावाकडे वळतो.

हेलिकॉप्टर मात्र आमच्या चांगल्या ओळखीचे. निवडणूक लागली की शाळेच्या मैदानावर चुन्याचा गोल पडतो, मध्ये ‘एच’ उमटतो आणि धूळ बसवायला टँकर येतो. एरवी पिण्याच्या पाण्याच्या टँकरसाठी जे गाव चार-चार दिवस हंडे मांडून बसते, तिथेही हा टँकर वेळेच्या आधी हजर. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच हेलिकॉप्टरांना चाके नसतात. खाली दोन लांब नळ्या असतात, पुढे किंचित वर वळलेल्या. त्या मिटत नाहीत, आत जात नाहीत. उतरताना दाखवलेली वस्तू वर जातानाही तशीच लोकांसमोर राहते. मैदानावर उतरणाऱ्या मंडळींपैकी एवढा सचोटीचा दुसरा कुणी मी पाहिलेला नाही.

मग विमानालाच ही पाय मिटण्याची हौस का?

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल. मराठवाड्याच्या आकाशात लढाऊ विमाने घोंगावली ती १९४८ च्या सप्टेंबरात. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि पाच दिवसांत काम आटोपले. म्हणून १७ सप्टेंबरला आजही आमच्याकडे मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते. त्या कारवाईत पुण्याच्या तळावरून हॉकर टेम्पेस्ट विमाने उडत होती. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर उमरग्याच्या पुढे, राजेश्वरच्या वाटेवर दबा धरून बसलेल्यांवर ती सोडली गेली. टेम्पेस्ट म्हणजे त्या काळचे दांडगे विमान. एक पंखा, चार तोफा आणि ताशी ७०० किलोमीटरचा वेग. जमीन सुटली की त्याची दोन्ही मोठी चाके आतल्या बाजूला वळून पंखात आडवी होत, शेपटीचे लहान चाकही आत ओढले जाई आणि सगळ्यावर झाकणे बसत. खालून ज्याने मान वर करून पाहिले असेल त्याला ते बिनपायांचेच दिसले असणार. उतरायला ते पुण्यालाच जायचे.

त्याच पाच दिवसांत एक फौज जालन्याहून लातूरकडे आणि तिथून मोमिनाबादेला आली. मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, निजामी अमदानीतली घोडदळाची छावणी. तिथे गोवळकोंडा लान्सर्सच्या तिसऱ्या पलटणीने नावापुरता प्रतिकार केला आणि शस्त्रे खाली ठेवली. लान्सर्स म्हणजे मुळात घोड्यावरचे भालाईत. एका बाजूला भाल्याचे नाव सांगणारी पलटण आणि दुसऱ्या बाजूला पाय गिळून उडणारे विमान, एकाच आठवड्यात, एकाच संस्थानात. एक युग असे दुसऱ्याच्या ओट्यावर येऊन टेकलेले क्वचित सापडते.

घोड्याचा विषय निघालाच आहे तर त्याच्यावर अन्याय नको. चौखूर उधळलेल्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात की नाही, हा एके काळी मोठा वादाचा विषय होता. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे मांडले आणि धावत्या घोडीचे फोटो काढले. पाय सुटतात, हे सिद्ध झाले. पण गंमत पुढेच होती. चित्रकार मंडळी तोवर उधळलेला घोडा काढताना पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले दाखवत. फोटोत दिसले ते उलटेच. घोडा अधांतरी असतो तेव्हा त्याचे चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. म्हणजे मोमिनाबादच्या घोड्यांनाही ती विद्या येत होती. फक्त एका टापेपुरती.

विमानाला ती पूर्ण प्रवासभर लागते, कारण हवा. हवा दिसत नाही म्हणून तिला आपण कमी लेखतो. पण वेग दुप्पट झाला की तिचा विरोध चौपट होतो आणि तो मोडून काढायला लागणारी ताकद आठपट. भारतीय हवाई दल १९३२ साली स्थापन झाले आणि त्याच्या पहिल्या तुकडीला मिळालेले वापिटी हे दुपंखी विमान ताशी २०० किलोमीटरच्या आसपास उडे. त्याचे पाय कायम बाहेर. एवढ्या वेगात हवा पायांना धरते, पण फार मनावर घेत नाही. तेच पाय टेम्पेस्टच्या वेगात बाहेर ठेवले असते तर त्यांच्यावर हवेचा जोर बारापट झाला असता. इंजिनाची बरीचशी मेहनत दोन चाके आणि दोन दांड्या वाऱ्यातून ओढण्यात गेली असती. मधल्या काळात लोकांनी तडजोडही केली. आपल्या हवाई दलात १९४१ च्या सुमारास आलेल्या लायसँडरचे पाय स्थिरच होते, पण त्यांना पत्र्याचे गुळगुळीत बुरखे चढवलेले होते. पाय लपवता येत नसतील तर निदान सलवार तरी बरी घालावी, असा तो विचार.

मिटण्याची कला मात्र सुरुवातीला घामाची होती. १९३३ च्या अखेरीस उडालेले रशियाचे पोलिकार्पोव आय-१६ हे पाय मिटणाऱ्या पहिल्या लढाऊ विमानांपैकी एक. त्यात वैमानिकाच्या हाताशी एक हँडल होते आणि चाके वर घ्यायला ते ४४ वेळा फिरवावे लागे. एका हातात विमान, दुसऱ्या हातात हँडल. अमेरिकेच्या वाइल्डकॅटमध्ये तीसेक फेऱ्यांत काम भागे. आत सायकलसारखी साखळी होती. उडाल्याबरोबर विमान वरखाली डोलू लागले की खालचे लोक ओळखत, साहेब हँडल फिरवताहेत. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये हँडलऐवजी हाताने दाबायचा तेलाचा पंप होता, तोही उजवीकडे. म्हणजे उडाल्यावर वैमानिकाने सुकाणूचा दांडा डाव्या हातात घ्यायचा आणि उजव्याने पंप मारायचा. उजवा हात जसा पुढेमागे होई तसा नकळत डावाही होई आणि जगातले ते सर्वांत देखणे म्हणून गाजलेले विमान धावपट्टी सोडताना डुलत डुलत जाई. पुढे इंजिनावर चालणारा पंप आला आणि ती शोभा गेली.

हे सगळे नेमके चालते कसे, ते मला ज्या माणसाने एका वाक्यात सांगितले तो आमच्या पेठेतला दुचाकीचा मिस्त्री. माझा भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे आणि दिवाळीला येताना तो फराळासाठी पोट आणि दुरुस्तीसाठी विमान घेऊन येतो. विमान म्हणजे फोमचे स्पिटफायर, पंख दीड-पावणेदोन मीटरचे. त्याच्या पायाचा एक तुकडा वाकला होता, म्हणून आम्ही दोघे गॅरेजवर गेलो. मिस्त्रींनी तो तुकडा दोन बोटांत धरला, उघडला, मिटला, परत उघडला आणि म्हणाले, “आवं सर, ह्ये तर साइड स्टँडच हाय की.”

भाचा थोडा हिरमुसला. पुण्यात त्याला हे कुणी असे सांगितले नसणार. पण मिस्त्री बरोबर होते. मोटारसायकलचा साइड स्टँड पायाने ढकलताना अर्ध्या वाटेपर्यंत तो विरोध करतो, मग अचानक स्वतःहून पुढे जाऊन खटकन बसतो. स्प्रिंगची ओढ बिजागरीच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला गेली की जी स्प्रिंग आधी अडवत होती तीच आता धरून ठेवते. विमानाच्या पायातही हीच युक्ती. मुख्य पाय म्हणजे जाड नळी, आत तेल आणि दाबलेला वायू, आदळ सोसायला. ती वर एका आसावर फिरते. तिला तिरका आधार देणारा एक दांडा असतो आणि त्याच्या मध्यावर गुडघा. तेलाच्या दाबाने पिस्टन सरकला की पाय खाली येतो आणि हा गुडघा सरळ होतो; सरळ होऊन थांबत नाही, जराशी रेषा ओलांडून पलीकडे जातो आणि तिथे अडतो. आता जमिनीचा धक्का जेवढा जास्त, तेवढा तो गुडघा अधिक घट्ट बसतो. कित्येक टनांचे विमान टेकते तेव्हा तेलाच्या दाबाला बिचाऱ्याला काही करावेच लागत नाही. वजन पेलण्याचे काम हाडांनीच करायचे, अशी रचना.

वर घेताना उलटा क्रम. आधी गुडघ्याचे कुलूप निघते, मग पाय वळतो, चाक खोबणीत जाते, एक आकडा त्याला वरच पकडून ठेवतो आणि शेवटी झाकण लागते. झाकण आधी लागले आणि चाक मागून आले तर काय होईल ते सांगायला नको, म्हणून तेलाच्या वाटेवर क्रम पाळणारे व्हॉल्व्ह असतात. काही विमानांत गरगर फिरणारे चाक आत जाण्यापूर्वी त्याला ब्रेक लागतो. विमान जमिनीवर उभे असताना कुणी चुकून दांडा वर केला तर पाय मिटू नयेत, यासाठी चाकांवरचे वजन ओळखणारे एक बटण पुढच्या विमानांत आले. हे बटण ज्याने पहिल्यांदा बसवले त्याच्या घरात लहान मुले असणार, असा माझा अंदाज आहे.

आता पाय मिटायचे म्हटले तरी कुठल्या बाजूला मिटायचे, यात प्रत्येक विमानाचा स्वभाव दिसतो. स्पिटफायरचे पाय बाहेरच्या बाजूला, पंखांच्या टोकांकडे मिटत. त्यामुळे जमिनीवर उभे असताना ते जवळजवळ असत, आणि खडबडीत मैदानावर ते विमान नऊवारी नेसून सायकल चालवणाऱ्या बाईसारखे जपून जाई. जर्मनीच्या मेसरश्मिट १०९ चेही तसेच. त्याचे पाय थेट धडाला जोडलेले होते, म्हणजे पंख काढले तरी विमान स्वतःच्या पायावर उभे राही. सोय मोठी, पण उतरताना ते अनेकांना भोवले. हरिकेन आणि टेम्पेस्टचे पाय आतल्या बाजूला मिटत, म्हणून ते जमिनीवर ऐसपैस फाकून उभे राहात. अमेरिकेच्या कोर्सेअरचे पाय मागे जात आणि जाता जाता चाक जवळजवळ काटकोनात गिरकी घेऊन पंखात सपाट पडे. हेच पाय वेगाने झेपावताना मुद्दाम बाहेर काढून ब्रेक म्हणूनही वापरता येत.

ही ब्रेकची युक्ती आपल्या नॅटलाही ठाऊक होती. नॅट म्हणजे १९६५ च्या युद्धात ‘सेबर स्लेअर’ म्हणून गाजलेले चिमुकले विमान. पंखांची लांबी पावणेसात मीटर, म्हणजे एसटीच्या बसपेक्षाही कमी. एवढ्या अंगात वेगळे एअरब्रेक बसवायला जागा कुठली? मग चाकांची झाकणेच हवेत थोडी उघडायची आणि त्यांच्याकडून वेग कमी करवून घ्यायचा. एका वस्तूकडून दोन कामे. नॅट परदेशात जन्मले, पण बनवणाऱ्याला आमच्याकडच्या संसाराची रीत माहीत असावी.

मिग-२१ तर अर्धे मराठीच. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ही विमाने तयार झाली, आणि १९६३ पासून सेवेत असलेले हे विमान २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झाले. बीडला रेल्वे पोचली आणि मिग थांबले, ते एकाच महिन्यात. मिगचा त्रिकोणी पंख इतका पातळ की जाडजूड चाक त्यात मावेना. मग पाय पंखात ठेवायचा, पण चाक मात्र आतल्या आत फिरवून धडाच्या कुशीत उभे करून ठेवायचे, अशी तोड काढली गेली. एकाच बिऱ्हाडात पाय एका खोलीत आणि पाऊल दुसऱ्या खोलीत. पुण्यात भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही.

इतकी अक्कल खर्चून पाय मिटले की मग खरी अडचण सुरू होते. मिटलेली गोष्ट विसरता येते. स्थिर पाय असलेल्या वापिटीच्या वैमानिकाला उतरताना चाके सोडायची राहिली, असे कधीच झाले नसेल. मिटणारे पाय आले आणि पोटावर घसरत उतरणारी विमानेही आली. मग आठवण करून देणाऱ्या सोयी निघाल्या. स्पिटफायरच्या पंखांवर सुरुवातीच्या काळात छोट्या काड्या वर येत, पाय खाली आहेत हे दाखवायला. पुढे दिवे आले. तीन हिरवे लागले म्हणजे तिन्ही पाय खाली आणि कुलूपबंद. इंजिनाचा जोर कमी केला आणि पाय मिटलेलेच असले तर कर्कश भोंगा वाजू लागला. यावर वैमानिकांत एक जुना किस्सा सांगतात. एक जण पोटावर उतरला. मनोऱ्यातल्या लोकांनी विचारले, “आम्ही रेडिओवर एवढे ओरडत होतो, ऐकू नाही आले?” तो म्हणाला, “कसे ऐकू येणार? इकडे सारखा भोंगा वाजत होता.”

म्हणून हवाई दलांनी शेवटी माणूसच बसवला. धावपट्टीच्या तोंडाशी दुर्बीण घेऊन एक जण बसतो आणि उतरायला आलेल्या विमानाचे पाय दिसत नसतील तर लाल प्रकाशाचा बार आकाशात उडवतो. ही नेमणूक मला फार ओळखीची वाटते, कारण आमच्या सुभाष रोडवर ती सगळ्यांकडेच आहे आणि बिनपगारी आहे. स्टँड न काढता गाडी निघाली की पानटपरीवरचा, भाजीवाली, समोरून येणारा अनोळखी स्कूटरवाला, सगळे एका सुरात ओरडतात, “ओ, स्टँड! स्टँड!” जन्मात पुन्हा न भेटणाऱ्या माणसासाठी घसा कोरडा करायचा आणि त्याने मागे न बघता टाचेने स्टँड वर ढकलून निघून जायचे. आभार मानायचा रिवाज नाही. अलीकडच्या बऱ्याच दुचाकींत स्टँड खाली असला तर इंजिन गिअरमध्ये चालतच नाही. सोय चांगली, पण तेवढ्यापुरती गावातल्या माणसांची एकमेकांशी असलेली एक ओळख कमी झाली.

उतरताना दुसरी भीती अशी की दांडा खाली ओढला आणि पाय आलेच नाहीत तर? पंप बिघडला, तेल गळले, तर? इथे शहाण्या रचनाकारांनी एक फार समजूतदार गोष्ट केली. वर घ्यायला यंत्राची ताकद लागते, कारण ते पृथ्वीच्या मर्जीविरुद्धचे काम. खाली यायला तेवढी लागत नाही. बहुतेक विमानांत वरचे आकडे हाताने सोडवले की पाय स्वतःच्या वजनाने खाली पडतात. पुढचे चाक पुष्कळदा पुढच्या बाजूला मिटवतात, म्हणजे सोडल्यावर समोरून येणारा वारा त्याला मागे ढकलून जागेवर बसवतो. जी हवा सगळ्या प्रवासभर शत्रू, तीच अडचणीच्या वेळी हात देते. स्पिटफायरमध्ये शेवटचा उपाय म्हणून वायूची बाटली होती; ती फोडली की दाबाने पाय धाडकन बाहेर. एकदाच चालणारी. तेवढे पुरे असे.

भाच्याच्या विमानात यातले बरेचसे लहान होऊन आले आहे. पूर्वी अशा मॉडेलांत हवेवर चालणारे पाय असत. पोटात छोटी टाकी, उडवण्याआधी तिच्यात सायकलसारखा पंप मारायचा. आता नखाएवढी मोटर एक आटेदार दांडा फिरवते. पाय टोकाला पोचला की मोटर अडते, तिला जास्त वीज लागू लागते आणि त्यावरूनच आतल्या सर्किटला कळते की काम झाले. लवचीकपणासाठी तारेच्या पायाला एक वेटोळे घातलेले असते. सगळे छान. फक्त मॉडेलच्या वेगात या मिटण्याचा फायदा जेमतेम. उलट मोटरींचे वजन वाढते, बॅटरी खर्च होते आणि बिघडायला दोन नव्या जागा तयार होतात. मी हे भाच्याला बोलून दाखवले. तो म्हणाला, “मामा, पाय बाहेर ठेवून उडणारं स्पिटफायर कसं दिसेल?” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. लग्नात फेटा बांधून काय फायदा, असे मीही कुणाला विचारलेले नाही.

आम्ही ते उडवायला बालाघाटच्या एका माळावर जातो. विमान हवेत गेले, त्याने वळण घेतले आणि भाच्याने बटण दाबले की दोन्ही पाय सावकाश, एक जरासा मागे राहून, पंखांत शिरतात. शेळ्या राखणारी पोरे तेवढ्याला टाळ्या वाजवतात. विमानाच्या कसरतींना नाही, पाय मिटण्यालाच. उतरताना मात्र भूगोल आडवा येतो. मॉडेल खऱ्या विमानाच्या सातव्या हिश्शाचे असेल तर पाच सेंटिमीटरचे ढेकूळ त्याला पस्तीस सेंटिमीटरच्या धोंड्यासारखे. माती लहान करून मिळत नाही. इंग्लंडच्या हिरवळीसाठी आखलेले अरुंद पाय आमच्या मुरमाड माळावर टेकतात, विमान चार हात धावते, नाकावर उभे राहते आणि आम्ही मिस्त्रींकडे जातो. मिस्त्रींनी सुचवले आहे, “थोडं जाड तार टाका आन् पाय बाहेरच ऱ्हाऊ द्या.” सल्ला रास्त आहे. तो मानला जाणार नाही, हेही त्यांना माहीत आहे.

पाय या विषयावर आमच्या जिल्ह्यात एक ठरलेले भाषण आहे. स्पर्धा परीक्षेत कुणी उत्तीर्ण झाले की गावात सत्कार होतो. शाल, नारळ, डीजे. मग एक ज्येष्ठ उभे राहतात आणि सांगतात, कितीही वर गेलास तरी पाय जमिनीवर ठेव. टाळ्या पडतात. विमानांच्या नादी लागल्यापासून मला हा सल्ला नीट पटेनासा झाला आहे. वर गेल्यावर पाय खाली लोंबत ठेवून कुणी वेगाने गेलेले नाही. पुण्याला किंवा दिल्लीला गेलेल्या पोराने काही वर्षे पाय पोटाशी घ्यावेत, गावच्या बारीकसारीक गोष्टी विसराव्यात, सणाला येणे चुकवावे, फोन लवकर ठेवावा. हवेचा जोर त्याला कळतो, आपल्याला इथे बसून कळत नाही. त्यावर रागावण्यात अर्थ नाही.

बघायचे ते पुढे. गावाची वेस दिसू लागली की पाय सुटतात का? काही जणांचे वेळेवर सुटतात. गाडीतून उतरल्याबरोबर ते गोठ्यात डोकावतात, विहिरीला पाणी किती ते विचारतात, चुलत्याच्या पाया पडतात. तीन हिरवे दिवे. काही जण तसेच, त्याच वेगात, झाकणे लावून येतात. इथे नेट नाही, इथे काहीच कसे नाही, असे म्हणत अंगणभर घासत जातात आणि ठिणग्या मात्र आईच्या अंगावर उडतात. त्यांचेही पाय गेलेले नसतात. आतच असतात, आकड्याला अडकलेले. ती शेवटी आईच असते, धावपट्टीच्या तोंडाशी बसलेली, “अरे, आधी हातपाय धू” असे ओरडणारी. तेवढ्याने पुष्कळदा काम होते, कारण खाली यायला यंत्र लागत नाही; आकडा सुटला की वजन आपले काम करते.

तेव्हा सत्काराच्या भाषणात थोडा बदल करावा, अशी माझी सूचना आहे. पोरांना खुशाल पाय मिटू द्या. फक्त उतरायची वेळ झाली की ओरडणारे कुणीतरी त्यांच्या ओळखीचे राहू द्या. आणि तुम्ही कधी विमानात बसलात तर दोन आवाज ऐका. उडाल्यावर लगेच पायाखाली घरघर आणि एक धप्प: ते पाय वर गेले. उतरण्याच्या काही मिनिटे आधी पुन्हा घरघर, वाऱ्याचा आवाज वाढलेला आणि पुन्हा धप्प: ते खाली आले. टाळी वाजवायची असेल तर दुसऱ्या आवाजाला वाजवा.